उंदरालाही फिट येते का?

महालक्ष्म्यांच्या जेवणात यंदा पत्ताकोबी नव्हती. सोळा भाज्या मोजून झाल्या, आंबील झाली, पुरणपोळ्या झाल्या, पण पत्ताकोबीचं एक पानसुद्धा ताईच्या स्वयंपाकघरात आलं नाही. फेब्रुवारीपासून तिथे बंदी आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी माझा भाचा तर्री-पोह्याची प्लेट घेऊन सोफ्यावर बसला होता. आठवीतलं पोरगं. आधी प्लेट पडली. मग उजवा हात झटके द्यायला लागला, मग तोंड वाकडं झालं, मग सगळं अंग. ताईने मला फोन लावला तेव्हा मागून कोणीतरी "चप्पल हुंगवा, चप्पल" म्हणून ओरडत होतं. नागपुरातच रामदासपेठेत न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढी गोल कडी आणि त्या कडीत एक ठिपका. न्यूरोसिस्टिसर्कोसिस. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं: टेपवर्मची, म्हणजे फितीसारख्या लांब जंताची, अळी.

रात्री नऊपर्यंत तो फॉरवर्ड ताईच्या सासूबाईंच्या मोबाईलवर आलेलाच होता. पत्ताकोबीतला किडा मेंदूत जातो, उकळूनही मरत नाही, वगैरे.

"सात पिढ्यांत आमच्या घरात कोणी अंडं नाही खाल्लं बापा," सासूबाई मला म्हणाल्या, "आणि हा डुकराचा किडा पोराच्या डोक्यात कुठून आला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर त्यांना आवडलं नाही.

अळी असलेलं डुकराचं मटण नीट न शिजवता खाल्लं तर माणसाच्या आतड्यात टेपवर्म होतो. आतड्यात, मेंदूत नाही. तो तिथे वर्षानुवर्षं राहू शकतो, माणसाला पत्ताही लागत नाही. पण त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. जंताच्या अंगाच्या एका पिकलेल्या तुकड्यात पन्नास हजारांपर्यंत. डुकराने ती खाल्ली की डुकराच्या अंगात अळ्या होतात. आणि हात न धुता कोणी स्वयंपाक केला, पाणी भरलं, काकडी कापली, तर तीच अंडी आपल्या पोटात जातात आणि आपण डुकराच्या जागी जाऊन बसतो. अळी रक्तातून जिथे पोचेल तिथे घर करते. न्यूयॉर्कमधल्या कट्टर ज्यू घरांतून अशा केसेस निघाल्या होत्या, 1992 मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. डुक्कर त्यांच्या धर्मात निषिद्ध, घरात कधी शिरलं नाही, तरी मेंदूत अळ्या. म्हणजे मटण कोणी खाल्लं हा प्रश्नच नाही, अंडं कोणाच्या हातून आलं हा प्रश्न. आणि पत्ताकोबीत दिसणारी ती हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची असते, बिचारीचा याच्याशी काही संबंध नाही. न धुतलेल्या कुठल्याही भाजीवर टेपवर्मचं अंडं असू शकतं, कोथिंबिरीवरसुद्धा. पण कोथिंबिरीला कोण बंदी घालणार?

या सगळ्यातून सासूबाईंनी एकच वाक्य उचललं, "हात न धुता कोणी स्वयंपाक केला." दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या ताईंना सांगून टाकलं, येऊ नका. मी भांडले. म्हटलं, तपासायचं तर घरातल्या प्रत्येकाची शौचाची तपासणी करा, भावजींपासून सुरुवात करा, ते आठवड्यातून तीनदा बाहेर खातात. झाली तपासणी, सगळ्यांची. त्या ताईंचीही, त्या स्वतःहून आल्या. कोणाकडेच काही निघालं नाही. त्या परत कामावर आल्या, पण तोंडावरचं हसू गेलं ते अजून आलेलं नाही. एकदा आणलेल्या नमुन्यात काही दिसलं नाही म्हणजे नाहीच, असंही नसतं. शिवाय अंडं दिसलं असतं तरी ते डुकराच्याच टेपवर्मचं का, हे भिंगाखाली ओळखता येत नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण तसली अंडी मोजण्यात माझी पाच वर्षं गेली आहेत.

तर महालक्ष्म्यांच्या पंगतीत भाच्याने आंबिलीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मावशी, तू उंदरांना जंत देऊन राहिली होतीस ना? त्यांनाही फिट यायची का?"

समोरच्या दोन सवाष्णींचे घास हातातच राहिले. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हटलं, जेवण होऊ दे, मग सांगते. पोराला सांगितलं ते अर्धंमुर्धं होतं, म्हणून इथे सगळं लिहिते आहे.

मी पीएचडीला नाव नोंदवलं 1997 मध्ये. डोक्यात होतं की माणसाच्या टेपवर्मवर काम करायचं. सर हसले. म्हणाले, साध्या उंदराला डुकराच्या टेपवर्मची अंडी पाज, काही होणार नाही, अळी धरतच नाही. आणि दुसरं कारण सांगितलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं: "ते अंडं तुझ्या नखात राहिलं, तर उंदीर तूच."

मग त्यांनी मांजर सुचवली. मांजरीच्या आतड्यात एक टेपवर्म असतो, टीनिया टीनिईफॉर्मिस. त्याची अळी उंदराच्या यकृतात वाढते. मांजर उंदीर खाते, मांजरीला जंत होतो, मांजर अंडी टाकते, उंदीर ती खातो. गोष्ट तीच, फक्त माणसाच्या जागी मांजर आणि डुकराच्या जागी उंदीर. माणसाच्या अळीला उंदीर चालत नाही ना, मग उंदराची स्वतःची अळी घ्या आणि तिच्याकडून शिका. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. करताना मांजरीची शी गोळा करावी लागते.

ती मांजर इतवारीतल्या एका किराणा दुकानातली. धान्याची दुकानं उंदरांसाठी मांजर पाळतात, आणि उंदीर खाणाऱ्या मांजरीइतका खात्रीचा जंत दुसरीकडे मिळत नाही. तीन दिवस सकाळी सात वाजता मी प्लास्टिकची पिशवी आणि चिमटा घेऊन दुकानामागच्या बोळात उभी. शेठजींनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बेटा, घरी सगळं बरं आहे ना?" तिसऱ्या दिवशी शीमध्ये पांढरे तुकडे सापडले, शिजलेल्या भाताच्या शितासारखे, आणि त्यातला एक हलत होता. मी आनंदाने ओरडले. शेठजींनी चहा पाजला, पण कप परत घेतला नाही.

तुकडे मिठाच्या पाण्यात चुरडायचे, मलमलच्या कापडातून गाळायचे, थेंब काचेवर घेऊन अंडी मोजायची. अंडं तपकिरी, गोल, जाड कवचावर आरे असल्यासारख्या रेघा, आत सहा बारीक आकडे. मग पांढऱ्या रॅटला गोल टोकाच्या सुईने तोंडातून पाजायचं. मराठीत रॅट आणि माऊस दोघेही उंदीरच, ही आमच्या विषयाची एक अडचण आहे. माझे रॅट होते, हातात घेतल्यावर वजन लागणारे. पहिला धरला तेव्हा त्याने माझ्या अंगठ्याला चावा घेतला. तो व्रण आहे अजून.

दोन महिन्यांनी यकृत उघडायचं. निरोगी यकृत कसं गडद, ओलं, गुळगुळीत असतं. याच्यावर वाटाण्यासारख्या पांढऱ्या गाठी. एक गाठ कात्रीच्या टोकाने फोडली की आतून घडी घातलेली पांढरी फीत सरकन बाहेर येते, जाड शेवईसारखी. एका टोकाला पाण्याची एवढीशी पिशवी, दुसऱ्या टोकाला डोकं आणि डोक्यावर आकड्यांचा दुहेरी मुकुट. कोमट मिठाच्या पाण्यात टाकली की ती आळस दिल्यासारखी लांब होते. मी कितीतरी गाठी फोडल्या असतील, पण ते लांब होणं बघायला दर वेळी थांबायचे. अंडी जास्त झाली असतील तर आणखी एक विचित्र प्रकार दिसतो: जंत यकृतात, पण पोटाचं आतलं अस्तर सुजून जाड झालेलं. ज्या जागी जंत पोचलेलाच नाही, तिथे सूज.

याच अळीने एकेकाळी मोठा गोंधळ घातला होता. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात बुलक आणि कर्टिस या दोघांनी 1920 मध्ये दाखवलं की मांजरीच्या टेपवर्मची अंडी रॅटना खाऊ घातली की काहींच्या यकृतात गाठीभोवती कॅन्सर होतो. त्यांचं निरीक्षण टिकलं. त्याच काळात डेन्मार्कच्या फिबिगरला दुसऱ्याच एका जंताने रॅटच्या पोटात कॅन्सर होतो असं दिसलं, त्याला 1926 चं नोबेल मिळालं, आणि पुढे ते बहुतेक सगळं चुकीचं निघालं. बरोबर असणाऱ्यांना काय मिळालं ते विचारू नका.

मला मात्र कॅन्सरशी घेणं नव्हतं. माझा विषय लस. सेंट लुईसला मिलर नावाच्या माणसाने 1930 च्या दशकात दाखवून दिलं होतं की ज्या रॅटला ही अळी एकदा झाली, त्याला पुन्हा अंडी पाजली तर नवीन गाठी होत नाहीत. जुन्या मात्र तशाच राहतात, आरामात. इतकंच नव्हे, त्या रॅटच्या रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्या रॅटला टोचलं तर तोही वाचतो. शरीर दारात आलेल्याला ओळखून मारतं आणि घरात बसलेल्याला हात लावत नाही. मला यापेक्षा सुंदर काही वाटायचं नाही तेव्हा. अजूनही वाटत नाही.

म्हणून बारा रॅटना मी आधी अंड्यातल्या भ्रूणाचा अर्क टोचायचे, बारांना नुसतं मिठाचं पाणी, आणि मग चोवीसांनाही अंडी पाजायचे. सोपा प्रयोग. फक्त तो नागपुरात मे महिन्यात करायचा नसतो.

प्रयोगशाळेतल्या उंदरांना 22 अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. आमची खोली मागच्या बाजूला, वर पत्रा, खिडकीला वाळ्याची टट्टी लावलेला मोठा कूलर. मेमध्ये हवा कोरडी, त्यामुळे कूलर निभावून नेतो. 1999 च्या मेमध्ये एका रात्री अकराला लाईन गेली ती सकाळी सहाला आली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. डिझेलच्या मागणीचा कागद कुठल्यातरी टेबलावर सहीसाठी पडलेला होता, दोन आठवड्यांपासून. मी सहाला पोचले तेव्हा खोलीतला थर्मामीटर 39 दाखवत होता. रॅटला घाम येत नाही. तो थुंकी अंगाला फासून गार व्हायला बघतो. सगळ्यांच्या छातीची केसं चिकट, ओली, आणि ते पिंजऱ्याच्या जाळीवर चारी पाय पसरून पालथे पडलेले. नऊ गेले होते. उरलेल्यांचं मोजून उपयोग नव्हता, कारण उष्म्याने अर्धमेल्या झालेल्या प्राण्यात लसीचा परिणाम काय आणि उन्हाचा काय, हे कोण सांगणार? पिंजरे धुणाऱ्या काकांनी ओलं पोतं आणून एकेकावर टाकलं. मी पायरीवर बसून रडले. सर म्हणाले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा कर.

ऑक्टोबरपर्यंत जग बदललं होतं. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा होताच, पण 1998 च्या नियमांनी संस्थेची नोंदणी आणि नैतिकता समिती आवश्यक केली, आणि ते आमच्या खोलीपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागला. फॉर्म बी भरायचा. किती प्राणी, का, कसे मारणार. समितीत बाहेरचे एक गृहस्थ होते, विज्ञानाशी फारसा संबंध नसलेले. त्यांनी विचारलं, "चोवीसच का? सोळा का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या आधीच्या मुलीने चोवीस घेतले होते म्हणून चोवीस. तेव्हा त्यांचा राग आला. आता मी मुलांना प्रोजेक्ट देते तेव्हा हाच प्रश्न मी आधी विचारते, आणि मुलांना माझा राग येतो. हिशोब करून पाहिल्यावर सोळा पुरले, एवढं नोंदवते.

आता भाच्याचा प्रश्न. माझ्या रॅटना फिट येत नव्हती, कारण त्यांची अळी यकृतात होती. यकृत आकडी देत नाही.

जगात सगळ्यात जास्त वापरली जाते ती अळी वेगळीच, कोल्ह्याच्या टेपवर्मची, टीनिया क्रॅसिसेप्स. तिची गंमत अशी की तिला अंड्याची गरजच नाही. दहा अळ्या माऊसच्या पोटात टोचा, त्यांना बारीक कळ्या फुटतात, कळ्या सुटून नव्या अळ्या होतात. दोनेक महिन्यांत शेकड्यांनी. मी त्या फक्त फोटोत पाहिल्या आहेत, उघडलेलं पोट भिजवलेल्या साबुदाण्याने भरल्यासारखं दिसतं. एका माऊसमधून दुसऱ्यात टोचत टोचत वर्षानुवर्षं चालवता येतं, ना मांजर लागते ना इतवारीचा बोळ. मादीत नरापेक्षा जास्त वाढतात. आणि मेक्सिकोच्या शास्त्रज्ञांनी 1995 मध्ये छापलं ते वाचून मी लायब्ररीत जोरात हसले होते: अळी जुनी झाली की नर माऊसच्या रक्तातलं स्त्रीचं संप्रेरक सुमारे 200 पट वाढतं आणि पुरुषाचं 90 टक्क्यांनी उतरतं. घरात बसलेला पाहुणा घरमालकालाच बदलून टाकतो.

पण हेही पोटातलं. मेंदूसाठी माणसांना आणखी लांबून जावं लागलं. ह्यूस्टनच्या एका गटाने 2003 मध्ये असं केलं: क्रॅसिसेप्स झालेल्या माऊसमध्ये मरणाऱ्या अळीभोवती शरीर जी सुजेची गाठ बांधतं, तिचा अर्क काढला आणि रॅटच्या मेंदूत टोचला. गाठ कोवळी असेल तर रॅटला लगेच फिट आली. नुसत्या अळीचा अर्क टोचला तर नाही. म्हणजे फिट देणारं अळीतलं काही नसून अळीला मारायला आलेल्या आपल्याच पेशींतलं होतं. पुढे 2012 मध्ये त्यांनी त्यातलं एक रसायनही पकडलं, सबस्टन्स पी. आणि पेरूमध्ये लिमाच्या संशोधकांनी 2015 मध्ये खऱ्या डुकराच्या टेपवर्मचे भ्रूण थेट रॅटच्या मेंदूत सोडून दाखवले. तिथे मेंदूत अळ्या धरल्या आणि काही रॅटना फिट आली. कितीतरी वर्षं सगळे ज्या उंदराच्या शोधात होते, तो तेव्हा सापडला.

रामदासपेठेच्या डॉक्टरांनी जंताच्या गोळ्यांबरोबर स्टेरॉइड का दिलं, हे ताईला यातून समजलं. ती म्हणत होती की किडा मारायचं औषध दिलं ना, मग सूज उतरवायचं कशाला. किडा जिवंत होता तेव्हा पोरगं क्रिकेट खेळत होतं. तो मरायला लागला तेव्हा प्लेट पडली.

मी एवढं सगळं सांगितलं नाही भाच्याला. म्हटलं, "माझ्या उंदरांना नाही यायची. दुसरीकडच्या काहींना आली." त्याला हे उत्तर पुरलं नाही. संध्याकाळी हळदीकुंकवाची गर्दी सुरू झाली तसा तो माझ्याबरोबर माझ्या घरी आला आणि मी माळ्यावरून जुनी वही काढली. पानं पिवळी, कडेला चहाचा डाग. रॅट नंबर, यकृताचं वजन, गाठी. तो बोट फिरवत वाचत गेला. नऊ नंबर, 43. अकरा नंबर, 38. सतरा नंबर, 0.

"याला का नाही झाल्या?"

"त्याला आधी लस दिली होती."

मग लस म्हणजे काय झालं पुढे, ते सांगावं लागलं. की 1989 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लोकांनी भ्रूणातलं एकच प्रथिन वापरून मेंढ्यांसाठी अशी लस केली, मग मेलबर्नला त्याच वाटेने डुकरांसाठी, आणि ती डुकरांची लस आता हैदराबादला इंडियन इम्युनॉलॉजिकल्समध्ये तयार होते. डुकराला लस टोचली की डुकरात अळी नाही, डुकरात नाही तर माणसाच्या आतड्यात जंत नाही, जंत नाही तर काकडीवर अंडं नाही. माझ्या वहीचा त्यात काही वाटा नाही, तेही सांगितलं. मिलरचं जे आधीच माहीत होतं, ते मी नागपुरात पुन्हा एकदा मोजलं, एवढंच.

तो अजून सतरा नंबरवरच होता.

"मग सतराला सोडून दिलं का? त्याला तर काहीच नव्हतं."

आमच्या भाषेत एक शब्द आहे, सॅक्रिफाइस. रॅट मारला असं कोणी म्हणत नाही, सॅक्रिफाइस केला म्हणतात. तो शब्द तोंडात आला होता, मी गिळला.

"त्यालाही कापलं," मी म्हटलं. "उघडून पाहिल्याशिवाय शून्य आहे हे कळणार कसं?"

तो काही बोलला नाही. वही मिटून मांडीवर ठेवली. आठला ताईचा फोन आला, गोळी घेतली का म्हणून. त्याने खिशातून पट्टी काढली, एक गोळी फोडली आणि पाणी कुठे आहे असं विचारलं.